जुनी स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेताना: आधी नेक, मग पिकअप, रंग सगळ्यात शेवटी

अमेरिकेतला भाऊ किंवा जपानला नोकरीसाठी गेलेली मैत्रीण फोटो पाठवते, "ही टेइस्को काय दिसतेय! घेऊन टाकू का?" फोटो समोरून काढलेला असतो. चार पिकअप (तारांचा कंप पकडून ॲम्पकडे पाठवणारे चुंबकी भाग), डझनभर स्विच, चमकणारा पट्टेदार पत्रा. घेणारा तिथेच फसतो, कारण समोरून काढलेल्या फोटोत कळायला हवं ते काहीच कळत नाही.

हा लेख १९६० च्या दशकातल्या, त्या काळी नवशिक्यांसाठी विकल्या गेलेल्या गिटारींबद्दल आहे: जपानची टेइस्को, शिकागोच्या हार्मनी आणि के, न्यू जर्सीची डॅनइलेक्ट्रो आणि सिअर्सच्या कॅटलॉगमधली सिल्व्हरटोन. त्यांचा इतिहास बाजूला ठेवू. लोक चुकतात ते मुख्यतः तीन ठिकाणी. दिसण्यावर भाळून घेतात, दुरुस्तीचे पैसे बजेटमध्ये धरत नाहीत आणि गिटार हातात आल्यावर सेटअप, म्हणजे तारा, नेक, ब्रिज यांची जुळवणी, उलट्या क्रमाने करतात. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते.

## टप्पा १: कशासाठी हवी आहे ते ठरवा, मग पैसे मोजा

स्लाइड वाजवायची असेल तर तारा उंच असलेली, फ्रेट (बोटं दाबतो त्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) झिजलेली गिटारही चालते, आणि ती स्वस्तात मिळते. कॉर्ड धरून रोज तासभर वाजवायची असेल तर नेक (तोच दांडा) आणि फ्रेट चांगलेच हवेत, तिथे तडजोड नाही. फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर पिकअपवर पैसे घाला, बाकी गिटार कशीही असो. हे तीन वेगवेगळे ग्राहक आहेत. आपण यातले कोण, हे न ठरवता बाजारात उतरलं की तिसऱ्याची गिटार पहिल्याच्या गळ्यात पडते.

बजेटचे सरळ दोन भाग करा. शंभर रुपये असतील तर साठाची गिटार घ्या आणि चाळीस दुरुस्तीसाठी ठेवा. फ्रेट घासून सपाट करणं, नवा नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती खाचांची पट्टी), स्विचची साफसफाई, नव्या तारा, एखादा ट्यूनर, एवढ्यात ते चाळीस संपतात. "मला घासाघीस करून स्वस्तात मिळाली" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा हा दुसरा भाग धरलेला नसतो.

किंमत तपासताना विक्रेता काय मागतोय ते पाहू नका, तशीच गिटार प्रत्यक्षात कितीला गेली ते पाहा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी यादी लावता येते, रीव्हर्ब या वाद्यांच्या बाजाराच्या साइटवर किमतींचा मार्गदर्शक असतो. मागितलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते.

किमतीबद्दल आणखी एक गोष्ट. टेइस्कोच्या सोनेरी जाळीच्या पिकअपना, ज्यांना सगळे 'गोल्ड फॉइल' म्हणतात, आज जी मागणी आहे तिच्यामागे राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाचा हात मोठा आहे. त्याने तसला एक पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवला आणि मग लोक जुन्या टेइस्को सोलून पिकअप वेगळे विकू लागले. त्यामुळे पिकअप काढून दुसरेच बसवलेल्या गिटारीही बाजारात फिरतात. जाळी सोनेरी दिसली की आतलं गोल्ड फॉइलच असेल असं नाही. आजकाल साध्या हंबकरवरही (दोन वेटोळ्यांच्या नेहमीच्या पिकअपवरही) तसलं झाकण बसवून मिळतं.

## टप्पा २: फोटोवरून चाळणी

विक्रेत्याकडून खालचे फोटो मागा. देत नसेल तर गिटार सोडा.

१. बॉडीच्या टोकाकडून, तारांच्या समांतर, नेकच्या दिशेने पाहणारा फोटो. नेकचा पीळ आणि बाक यातच दिसतो.
२. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरून, तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर दाखवणारा बाजूचा फोटो.
३. पहिल्या पाच फ्रेटचा जवळून फोटो, तारांखालच्या खाचा दिसतील असा.
४. हेडस्टॉक (नेकचं ट्यूनर असलेलं टोक) मागून, आणि नेक बॉडीला जिथे मिळते तो सांधा दोन्ही बाजूंनी.
५. ब्रिज (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग) बाजूने: तो किती उंचीवर आहे आणि आणखी खाली जायला जागा आहे का.
६. पिकगार्ड उघडता येत असेल तर आतली वायरिंग.

आणि एक छोटा व्हिडिओ: प्रत्येक पिकअप एकटा चालू करून, व्हॉल्यूम आणि टोन फिरवत. "ॲम्प नाही म्हणून चेक केली नाही" हे उत्तर आलं तर ती बंद आहे असं धरूनच किंमत बोला.

नावावर जाऊ नका. सिल्व्हरटोन हे सिअर्सचं नाव होतं. गिटार बनवली डॅनइलेक्ट्रोने, हार्मनीने, केने, पुढे टेइस्कोनेही. टेइस्कोच्याच गिटारी किंग्स्टन, किंबर्ली, हाइट डिलक्स अशा नावांनीही विकल्या गेल्या. म्हणून हेडस्टॉकवरचं नाव वाचण्याआधी बॉडी पाहा. कडेने विनाइलची पट्टी चिकटवलेली, पुढेमागे मेसोनाइटचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या हार्डबोर्डचे) पत्रे, लिपस्टिकच्या नळीसारखे पिकअप दिसले की ती डॅनइलेक्ट्रोची. बोल्टने लावलेल्या नेकच्या मागे पत्र्यावर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' आणि 'मेड इन जपान' दिसलं की जपानी.

सावधान: डॅनइलेक्ट्रोचा मूळ कारखाना १९६९ मध्ये बंद झाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याच नावाने, त्याच आकाराच्या नव्या गिटारी निघाल्या, त्यातल्या पुष्कळ कोरियात बनलेल्या. त्या वाजवायला वाईट नाहीत, पण त्यांना जुन्या गिटारीची किंमत देऊ नका.

अमेरिकन गिटारीचं वय पॉटवरून, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागावरून, लावता येतं. पॉटच्या पाठीवर आकडा असतो, उदाहरणार्थ १३७६५२४. पहिले तीन आकडे कारखान्याचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६५ च्या चोविसाव्या आठवड्यातला. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची असू शकत नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. नंतरची असू शकते. जपानी पॉटना हा हिशोब लागू नाही, आणि जपानी नेकप्लेटवरच्या क्रमांकावरून साल काढणारे बहुतेक अंदाजच मारत असतात.

जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी: हार्ड ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'जंक' असं लेबल दिसेल. त्याचा अर्थ वस्तू मोडकी आहे असाच नव्हे. न तपासता विकतोय, परत घेणार नाही, असा तो अर्थ. जंकमध्ये चांगल्या गिटारी सापडतात, पण पुढचा टप्पा तिथेच, दुकानात उभं राहून करता आला पाहिजे.

## टप्पा ३: नेक तपासा, आणि हा टप्पा कधीही गाळू नका

या गिटारींमध्ये बाकी सगळं दुरुस्त होतं: पिकअप पुन्हा गुंडाळून मिळतो, स्विच बदलता येतो, ट्यूनर मिळतात. नेक मात्र बिघडलेली असेल तर दुरुस्तीचा खर्च गिटारीच्या किमतीला गाठतो. कारण सोपं आहे. आजच्या गिटारीत नेकच्या आत फिरवता येणारा ट्रस रॉड असतो. त्या काळच्या स्वस्त गिटारींत पुष्कळदा नुसती स्टीलची पट्टी घातलेली असे. ती नेकला आधार देते, पण वाकलेली नेक सरळ करायला तिचा उपयोग नाही. डॅनइलेक्ट्रोमध्ये अशाच न फिरणाऱ्या पट्ट्या आहेत. हार्मनीच्या काही मॉडेलवर 'टॉर्क-लॉक' लिहिलेलं असतं. तिथे रॉड फिरवता येतो आणि तेवढ्यासाठी मी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतो.

सोबत ठेवा: लहान स्टीलची पट्टी, एक कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), एक व्हिजिटिंग कार्ड, मल्टिमीटर, गिटारची केबल.

१. गिटार सुरात लावा. सैल तारांवर नेक तपासणं व्यर्थ आहे, कारण नेक वाकवतो तो तारांचा ताण.

२. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते पाहा. व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे साधारण पाव ते तीन दशांश मिलिमीटर, अलगद सरकलं तर उत्तम. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालवून घेता येतं. एक मिलिमीटर म्हणजे रॉड नसलेल्या गिटारीला 'नको'.

३. फट अजिबात नसेल, तार मधल्या फ्रेटना टेकत असेल, तर नेक मागे वाकलेली आहे किंवा बॉडीजवळ फुगली आहे. किंचित मागे वाकलेली नेक जाड तारांच्या ताणाने कधीकधी जागेवर येते. उलट, थोडी पुढे वाकलेली नेक हलक्या तारांनी सुधारते. 'कधीकधी' हा शब्द किंमत बोलताना विसरू नका.

४. बॉडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहा. सगळ्या फ्रेटच्या रेषा एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. एक बाजू वर, एक खाली अशी फिरत गेली असेल तर पीळ आहे. पिळाची गिटार फुकट मिळाली तरच घ्या, भिंतीवर लावायला.

५. आता नेकचा कोन. ब्रिज जितका खाली जाईल तितका खाली आहे, तरी बाराव्या फ्रेटवर जाड्या तारेखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर आहे? मग कोन चुकला आहे. बोल्टने लावलेली नेक असेल (टेइस्को, डॅनइलेक्ट्रो, हार्मनी बॉबकॅट) तर घाबरायचं कारण नाही, घरी पाचर घालून हे सुटतं. चिकटवलेली नेक असेल, जशी पोकळ बॉडीच्या अनेक हार्मनींमध्ये असते, तर नेक काढून पुन्हा बसवावी लागते. ते जाणकाराचं काम आहे आणि महाग आहे.

६. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. एका ठिकाणी खरखर म्हणजे एक फ्रेट उचललेला असेल, ते दुरुस्त होतं. पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खोल खाचा असतील तर फ्रेट घासावे किंवा बदलावे लागतील. जुन्या गिटारींचे फ्रेट मुळात बारीक आणि बुटके असतात, त्यामुळे घासायला धातूच शिल्लक नाही असंही निघतं.

तपासणी: टेइस्कोसारख्या गिटारींना नटच्या पुढ्यात अनेकदा एक जादा फ्रेट असतो, ज्याला झिरो फ्रेट म्हणतात. मोकळी तार झणझणत असेल आणि दाबलेल्या सुरांत झणझण नसेल तर आधी त्या झिरो फ्रेटवरची खाच पाहा. एक फ्रेट बदलून काम होतं. अशा वेळी नवा नट घालायला सांगणारा माणूस तुमचे पैसे वाया घालवतोय.

## टप्पा ४: पिकअप आणि वायरिंग

केबल गिटारीत लावा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरच्या काड्या टेकवा: एक प्लगच्या टोकाला, एक त्याच्या दांड्याला. मीटर किलोओमवर. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, एकेक पिकअप चालू करा.

या काळातल्या पिकअपचा आकडा साधारण तीन ते दहा किलोओमच्या दरम्यान येतो. लिपस्टिक पिकअप खालच्या टोकाला असतात. आकडा कमी म्हणजे पिकअप कमजोर असा अर्थ काढू नका.

आता एक बारकावा, ज्यात पुष्कळजण चुकतात. पिकअप मेला असेल तर मीटर 'ओपन' दाखवेल अशी अपेक्षा असते. पण व्हॉल्यूम पॉट पिकअपला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे मेलेल्या पिकअपवर मीटर पॉटचा आकडा दाखवतो: अडीचशे, पाचशे किलोओम असा. तो पाहून "व्वा, जोरदार पिकअप आहे" म्हणू नका. पाच किलोओम अपेक्षित असताना अडीचशे आले, म्हणजे आतली तार तुटली आहे. आकडा शून्याच्या जवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा व्हॉल्यूम बंद राहिला आहे. आधी तेच पाहा.

मेलेला पिकअप दिसला की गिटार सोडायची गरज नाही. तार बहुतेक वेळा जिथे बाहेरच्या वायरला सोल्डर केलेली असते तिथेच सुटते. पण हे नशिबावर आहे, म्हणून किंमत ठरवताना पिकअप मेलाच आहे असं धरा.

ॲम्प उपलब्ध असेल तर चालू पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा, आवाज यायला हवा. थोडा 'माइकसारखा' आवाज येणं या पिकअपचा स्वभाव आहे. ॲम्पच्या जवळ नेल्यावर शिट्टी घालू लागला तर मोठ्या आवाजात स्टेजवर त्रास देईल. घरी वाजवणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करावं.

स्विच आणि पॉट खरखरत असतील तर ती कटकट आहे, दोष नाही. वर्षानुवर्षं न वापरल्याने संपर्कांवर थर बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा पुढेमागे फिरवा. गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे इथे मारू नका; तो तेलकट थर मागे ठेवतो आणि धूळ चिकटवून घेतो.

## टप्पा ५: व्यवहार आणि वाहतूक

हातात घेऊन तपासलेली गिटार आणि फोटोवरून घेतलेली गिटार यांची किंमत एकच असू शकत नाही. परत घ्यायची अट लेखी घ्या.

भारतात पार्सलने मागवत असाल तर लक्षात ठेवा, सीमाशुल्क नुसत्या गिटारीच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा मिळवून जी रक्कम होते तिच्यावर लागतं. स्वस्त गिटारीला वाहतूक गिटारीइतकीच पडते, म्हणजे शुल्काचा पायाच दुप्पट होतो. बऱ्याचदा येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाकडून आणणं परवडतं, पण बॅगेजचे नियम त्याला आधी विचारून घ्या. काकांना विमानतळावर गिटारीवरून वाद घालायला लावू नका.

लाकडाचाही प्रश्न आहे. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक यादीत आहे. फ्रेटबोर्ड त्याचा असेल तर कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडणं अडचणीचं. इतर बहुतेक रोझवूडच्या तयार वाद्यांवर २०१७ मध्ये आलेली बंधनं २०१९ मध्ये सैल झाली. विक्रेता जाहिरातीत अभिमानाने 'ब्राझिलियन' लिहितो तेव्हा त्याला वाटतं तो किंमत वाढवतोय. परदेशातून मागवणाऱ्यासाठी ती धोक्याची सूचना आहे.

पॅक करायला सांगताना: तारा एक-दोन स्वर उतरवा, काढून टाकू नका. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना भरपूर भर द्या, कारण नेक मोडते ती तिथेच. ब्रिज सुटा असेल तर त्याच्याखाली फोमचा तुकडा, आणि त्याची जागा कागदी टेपने आखून ठेवायला सांगा.

सावधान: थंडीतून आलेलं खोकं लगेच उघडू नका. दिवसभर खोलीत तसंच राहू द्या. थंड गिटार एकदम गरम, दमट हवेत आली की पॉलिशला बारीक भेगा पडतात.

## टप्पा ६: घरी आल्यावर, हत्यार उचलण्याआधी

आधी फोटो काढा. वायरिंगचे, ब्रिजच्या जागेचे, नेकच्या खाचेचे, स्क्रू कुठला कुठे होता त्याचे. मग साफसफाई. किंचित ओलं मऊ कापड पुरतं. फ्रेटबोर्ड फार कोरडा असेल तर गिटारचं लेमन ऑइल थेंबभर. खोबरेल तेल लावू नका. ते कालांतराने खवट आणि चिकट होतं. ट्यूनरच्या दात्यांना हलकं ग्रीस, आणि जे स्क्रू सैल आहेत ते घट्ट, पण जोर न लावता. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात दात कोरायच्या काडीचा तुकडा आणि फेविकॉल घालून एक रात्र थांबा.

रंग घासू नका, नवं पॉलिश मारू नका, फाटलेली विनाइल पट्टी उपटून काढू नका. ज्या डागांनी तुमच्या डोळ्यांना त्रास होतोय, त्यांच्यासाठीच पुढचा ग्राहक पैसे देतो.

## टप्पा ७: सेटअप, याच क्रमाने

बहुतेक लोक इंटोनेशनपासून, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागावा म्हणून ब्रिज पुढेमागे करण्यापासून, सुरुवात करतात, कारण बेसूर आवाज आधी कानाला खटकतो. पण त्याच्या आधीचं काहीही बदललं की इंटोनेशन पुन्हा बिघडतं, आणि माणूस दिवसभर गोल गोल फिरत राहतो. म्हणून:

१. नव्या तारा. तुम्ही कायम वापरणार आहात त्याच जाडीच्या. जुन्या गंजक्या तारेवर इंटोनेशन लागत नाही. शक्य असेल तर तिसरी तार गुंडाळलेली, म्हणजे वाउंड, असलेला ११ चा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०११ इंचाची) घ्या. त्या काळच्या कित्येक ब्रिजची उतरंड वाउंड तिसऱ्या तारेसाठी केलेली होती. साधी तिसरी तार लावली की नेमकी तीच चढी लागते आणि लोक गिटारीला दोष देतात. नेक आधीच पुढे वाकलेली असेल तर मात्र १० चाच सेट.

२. सुरात लावून एक दिवस थांबा. नेकला नव्या ताणाची सवय होऊ द्या.

३. नेकची फट पुन्हा मोजा. रॉड असेल तर एका वेळी पाव फेरी, त्याहून जास्त नाही, आणि मध्ये सूर तपासत. फिरत नसेल तर जबरदस्ती करू नका. साठ वर्षांच्या रॉडचा आटा गेला तर परत येत नाही.

४. नेकचा कोन. टप्पा ३ मध्ये पाचर लागेल असं दिसलं होतं तर आता घाला. तारा पूर्ण सैल करा, बोल्ट काढा, खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाची एक पट्टी ठेवा, बोल्ट आवळा, पुन्हा सुरात लावा आणि मोजा. एका पट्टीनेही बराच फरक पडतो, म्हणून सुरुवातीलाच तीन थर घालू नका. खाचेत आधीच कारखान्यातली पाचर सापडली तर ती फेकू नका. कार्डाने जमलं की त्याच जाडीचं लाकडी व्हेनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावा, ते टिकतं.

५. ब्रिजची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड्या तारेखाली दोन ते अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड ते दोन. आजच्या गिटारीइतकी खाली आणायचा हट्ट धरला तर खरखरेल. या फ्रेटवर ते होत नाही.

६. नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा; पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढी फट हवी. जास्त असेल तर खाच खोल करायची, पण योग्य जाडीची कानस नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या. डॅनइलेक्ट्रोचा नट ॲल्युमिनियमचा असतो. तो उगाच बदलू नका, मोकळ्या तारांचा टणत्कार त्याच्यातूनही येतो. झिरो फ्रेट असेल तर ही पायरी सोडा.

७. ब्रिजची जागा आणि इंटोनेशन. आता, आधी नाही. सुट्या ब्रिजची गिटार असेल तर नटपासून (किंवा झिरो फ्रेटपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा, दुप्पट करा, आणि ब्रिज तिथून दोन-चार मिलिमीटर मागे ठेवा. 'ही गिटार कधीच सुरात लागत नाही' अशी ख्याती असलेल्या कित्येक गिटारींचा ब्रिज नुसता सरकलेला असतो. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज मागे, उतरलेला असेल तर पुढे. डॅनइलेक्ट्रोच्या लाकडी सॅडलवर (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या तुकड्यावर) सहा वेगवेगळे स्क्रू नाहीत. ते पूर्णच फिरवून कोन द्यायचा असतो. पहिली आणि सहावी तार जुळवा, मधल्या तारा थोड्या इकडेतिकडे राहतील, आणि राहू द्या.

८. पिकअपची उंची. स्क्रूने बदलता येत असेल तरच. शेवटचा फ्रेट दाबून पिकअप तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर. काही टेइस्को पिकअप जागेवर घट्ट असतात. तिथे काही करायचं नाही.

तपासणी: मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक काडी ब्रिजला, दुसरी जॅकच्या बाहेरच्या भागाला. बीप आला नाही तर तारा अर्थ झालेल्या नाहीत; तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत नसेल तर कारण हेच. अर्थची वायर पुन्हा सोल्डर करणं पाच मिनिटांचं काम आहे. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण पॉट घेताना दांड्याची लांबी आणि जाडी मोजून जा, जुनी नॉब नव्या पॉटवर बसत नाही.

## टप्पा ८: ॲम्पबद्दल, हे नीट वाचा

जुन्या गिटारीसोबत त्या काळचा लहान व्हॉल्व्ह ॲम्पही मिळाला तर प्लग लावू नका.

त्या काळच्या स्वस्त अमेरिकन ॲम्पपैकी काहींमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ॲम्पला मेन्सच्या विजेपासून वेगळं ठेवणारा भाग, नसतो. व्हॉल्व्हचे फिलामेंट एकापुढे एक जोडून थेट मेन्सवर चालवलेले असतात. आत ५०सी५, ३५डब्ल्यू४ किंवा ३५झेड५ असे आकडे असलेले व्हॉल्व्ह दिसले तर हा तोच प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. अशा ॲम्पचा सांगाडा मेन्सला जोडलेला असू शकतो, आणि गिटारीच्या तारा केबलमधून त्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. पुढचं सांगायला नको.

"आपण २३० ला ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावू" म्हणून हे सुटत नाही. बाजारात मिळणारे स्वस्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बहुतेक ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज कमी करतात, पण मेन्सपासून वेगळं करत नाहीत. जाणकार तंत्रज्ञाकडून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि तीन पिनांची वायर बसवून घेईपर्यंत ॲम्प शोभेची वस्तू समजा. उघडायचाही नाही: बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

गिटार स्वतः निरुपद्रवी आहे. ती कुठल्याही आजच्या ॲम्पमध्ये लावा.

## टप्पा ९: ऐकायची कशी

बहुतेक लोक पहिल्याच दिवशी डिस्टॉर्शन पेडल लावतात, गिटार किंचाळते आणि ते निराश होतात. आधी ॲम्पचा आवाज साफ ठेवा, गेन (आवाज फाटायला लावणारी नॉब) कमी, ट्रेबल मध्यावर. गिटारीचा व्हॉल्यूम सात-आठवर ठेवा आणि नुसता नेकजवळचा पिकअप ऐका. गोल्ड फॉइलचा सूर हलक्या हाताला जोर धरून येतो आणि जोरात मारल्यावर किंचित फाटतो. हा फाटणारा कोपरा हाताने आत-बाहेर करता येतो, आणि लोक पैसे देतात ते त्याच्यासाठी. मग हळूहळू गेन वाढवा.

दोन पिकअपच्या डॅनइलेक्ट्रोवर स्विच मध्ये ठेवून पाहा. बहुतेक गिटारींत दोन पिकअप समांतर जोडलेले असतात. इथे ते एकापुढे एक, सिरीजमध्ये आहेत. म्हणून मधल्या जागेवर आवाज पातळ होण्याऐवजी मोठा आणि भरदार होतो. ते वायरिंग 'सुधारून' नेहमीसारखं करून देणारे तंत्रज्ञ भेटतील. त्यांना नको म्हणा.

ट्रेमोलोचा (तारांचा सूर हलवणारा) दांडा असेल तर हलक्या लहरीपुरताच वापरा, आणि सूर टिकत नसेल तर नटच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासा. तरीही टिकला नाही तर दांडा काढून पिशवीत ठेवा. दांडे हरवतात आणि सुटे मिळत नाहीत.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगून ठेवू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा, पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा. मेसोनाइटच्या कडा ओल धरून फुगतात आणि एकदा फुगल्या की बसत नाहीत. सप्टेंबर संपला की नेकची फट पुन्हा एकदा मोजा. टप्पा ७ मधल्या तिसऱ्या पायरीपासून पुढे, त्याच क्रमाने.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका स्विच, गंजका स्क्रू, फुटकी नॉबसुद्धा, नाव लिहिलेल्या पिशवीत घालून केसमध्येच ठेवा. गिटार विकायची वेळ आली तर ती पिशवी किंमत वाढवते, आणि दुरुस्त करणाऱ्याला मूळ भाग कसा होता ते समोर पाहता येतं.